खोक्यावरच्या नंबरला भुलू नका

ग्राफिक्स कार्ड बदलायचं की नाही हे दुकानात ठरत नाही. ते घरी ठरतं, आपल्याच पीसीसमोर बसून, नेहमीचा गेम किंवा नेहमीचं काम चालू असताना. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जायचं ते सगळं ठरवून झाल्यावर, पैसे मोजायला. होतं मात्र उलटं. मुलगा रात्र-रात्र व्हिडिओ बघतो, एका कार्डावर त्याचं मन बसतं आणि घरात मागणी येते, ‘लॅग होतंय, कार्ड लागेल.’ वडील विचारतात, ‘किती?’ तीस हजार. मध्यमवर्गीय घरात तीस हजार म्हणजे कुणाच्या तरी क्लासची फी असते. आणि एवढी रक्कम बाहेर काढताना ‘लॅग नेमकं कशामुळे होतंय’ हा प्रश्न त्या घरात कुणीच विचारत नाही. मला चीड येते ती याची.

कारण हे तपासायला एक रुपया लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतो. तो लावला की गेमच्या कोपऱ्यात आकडे दिसत राहतात: कार्ड किती टक्के राबतंय, प्रोसेसरचा एकेक कोअर किती राबतोय, कार्डाची मेमरी किती भरली, तापमान किती, फ्रेम किती. दहा मिनिटं खेळायचं आणि गेम जिथे अडखळतो तिथे नजर त्या आकड्यांवर ठेवायची. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड दमलंय. कार्ड निम्म्यावर रेंगाळतंय आणि प्रोसेसरचे कोअर शंभरीला टेकलेत, तर कार्डाचा काही दोष नाही.

आमच्या सोसायटीत इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाचा पीसी मी असाच बसून पाहिला. कोअर आय-फाइव्ह ७४०० प्रोसेसर, म्हणजे चार कोअर. जीटीएक्स १०६० कार्ड, सहा जीबीचं. आठ जीबी रॅम, तीही एकाच पट्टीत. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा. त्याची तक्रार व्हॅलोरंटबद्दल होती. स्मोक टाकला, चारपाच जण एकदम समोर आले की चित्र अडखळतं. आकडे लावले तर कार्ड चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर आणि चारही कोअर तापून लाल. खात्रीसाठी रेझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणलं. कार्डाचं काम निम्म्याहून खाली आलं, तरी फ्रेम होत्या तेवढ्याच राहिल्या. याहून स्वच्छ पुरावा नको. पोळ्या लाटणारा हात एकच असेल तर शेगडीवर दुसरा तवा चढवून उपयोग नसतो.

शिवाय व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीने स्वतःच सांगून ठेवलंय की सेकंदाला १४४ फ्रेमसाठी जीटीएक्स १०५० टीआय पुरतं. या मुलाकडे त्याच्याहून वरचं कार्ड होतं. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० च चित्रं दाखवणारा. नवं कार्ड आणून फ्रेम दोनशेवर नेल्या असत्या तरी डोळ्यांपर्यंत पोचल्या असत्या साठच. हात थोडा चपळ वाटला असता एवढंच, आणि त्यासाठीही आधी प्रोसेसरने तेवढ्या फ्रेमचं काम पुरवायला हवं होतं.

कॅबिनेट उघडलं तर मदरबोर्डावर रॅमचा दुसरा स्लॉट मोकळा. तिथे त्याच जातीची दुसरी पट्टी बसवली की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा होतात, आणि अशा जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरला त्याचा चांगलाच हातभार लागतो. हीटसिंकवर बसलेला धुळीचा थर ब्रशने काढला, मागे उघडी राहिलेली क्रोमची पंधरावीस टॅब बंद केली. अडखळणं बरंच कमी झालं. (२०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे रॅमचे भाव भडकले, तेव्हा पट्टीसुद्धा आता पूर्वीइतकी स्वस्त नाही. तरी कार्डापुढे ती स्वस्तच.)

तोच मुलगा, तोच पीसी, आणि गेम सायबरपंक २०७७. आता कार्ड ९९ टक्क्यांवर आणि फ्रेम तिशीच्या आसपास. इथे कार्डच कमी पडतंय. म्हणजे एकाच पीसीला एकाच संध्याकाळी दोन वेगळी उत्तरं मिळाली. म्हणून ‘माझं कार्ड जुनं झालं का?’ या प्रश्नाला अर्थ नाही. कशासाठी जुनं झालं, ते सांगा.

आधी सेटिंग बघा. अल्ट्रा या शब्दाने मुलांचं फार नुकसान केलंय. बहुतेक गेममध्ये अल्ट्रावरून हायवर आलात तर खेळताना फरक शोधावा लागतो. सावल्या, धुकं-ढग आणि आरशातली प्रतिबिंबं या तीन गोष्टी एकेक पायरी खाली आणल्या की कार्ड मोकळा श्वास घेतं. ते करूनही भागत नसेल, तर पुढे बोलू.

आणि काही ठिकाणी तडजोडीला जागाच नसते, हेही कबूल करायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ मधला डूम: द डार्क एजेस या दोन्ही गेमना कार्डातच रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याची, सोय असावी लागते. जीटीएक्स १०६० वर ते खालच्या सेटिंगलाही चालत नाहीत. हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानेही १०६० ज्यात येतं त्या १० मालिकेच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. जुलै २०१६ मध्ये आलेल्या कार्डाने नऊ वर्षं साथ दिली. असे गेम खेळायचे असतील तर त्या मुलाची मागणी रास्त आहे आणि वडिलांनी ती ऐकावी.

मात्र घ्यायचं ठरल्यावर खरा सापळा सुरू होतो, तो नावांचा. इथे मी कुणाचीही भीड ठेवणार नाही, कारण गिऱ्हाइकाला इथे वर्षानुवर्षं राजरोस फसवलं गेलंय.

जीटीएक्स १०६० च घ्या. सहा जीबीच्या कार्डात १२८० कोअर आणि तीन जीबीच्या कार्डात ११५२. फरक नुसता मेमरीचा नव्हता, आतली चिपही कापलेली होती. खोक्यावर नाव मात्र तेच. जीटी १०३० ची गोष्ट तर याहून वाईट. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं, सेकंदाला ४८ जीबी वाहून नेणारं. पुढच्या वर्षी त्याच नावाने साधी डीडीआर४ मेमरी लावलेलं कार्ड बाजारात आलं. त्याची वाहतूक १७ जीबीच्याही आत, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. कमी पैशांत पीसी जोडणारा, सगळ्यात अडलेला माणूस हे कार्ड घेतो, आणि नेमकं त्यालाच गाठलं. आरटीएक्स ३०६० बारा जीबीची आली आणि नावाजली गेली. मग २०२२ मध्ये तिच्याच नावाने आठ जीबीची आली, मेमरीचा रस्ता १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आणून. दुसरी कार्ड-कंपनी एएमडीही यात मागे नाही. आरएक्स ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ नावाचं कार्ड २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी निघालं, ते प्रत्यक्षात आरएक्स ५७० च्या पंगतीचं. आपल्याकडे ऑनलाइन बाजारात ते सर्रास दिसतं, आणि शेवटचे चार आकडे बारीक अक्षरात असतात.

गिऱ्हाइकांनी आवाज उठवला की कंपन्या नमतात, हेही घडलंय. जीटीएक्स ९७० चार जीबीचं म्हणून २०१४ मध्ये विकलं गेलं. त्यातला शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा कितीतरी मंद होता. अमेरिकेत खटला झाला आणि २०१६ मध्ये एनव्हिडियाने कार्डामागे ३० डॉलर द्यायचं मान्य केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० दोन रूपांत जाहीर झाली, एक सोळा जीबीची आणि एक बारा जीबीची. बारावालीत ७६८० कोअर, सोळावालीत ९७२८. एवढा ओरडा झाला की महिन्याभरात बारावाली मागे घेतली गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये तीच ४०७० टीआय या नावाने, शंभर डॉलर कमी किमतीत आली. चिप तीच, नाव खरं ठेवल्यावर शंभर डॉलर उतरले. नावाची किंमत किती लावली होती ते यावरून कळतं.

म्हणून कार्डाचा नंबर बघून ‘मोठा आहे म्हणजे चांगलं असेल’ असं धरू नका. आरटीएक्स ३०६० टीआय डिसेंबर २०२० मध्ये ३९९ डॉलरला आली. ४०६० टीआय मे २०२३ मध्ये, किंमत तीच. मधे अडीच वर्षं गेली, आणि मेमरीचा रस्ता २५६ बिटांचा १२८ बिटांवर आला. आतली कॅशे मोठी केली म्हणून ती सावरली, पण बऱ्याच गेममध्ये दोघींत नाव घेण्यासारखा फरक नाही. ३०६० टीआय विकून ४०६० टीआय घेणाऱ्याने पैसे पाण्यात घातले, हे मी स्पष्ट म्हणतो.

उलट जीटीएक्स १०६० वरून आरटीएक्स ४०६० ला गेलात तर वेग दुपटीहून जास्त मिळतो आणि वीज वाढत नाही: १०६० ला १२० वॉट लागतात, ४०६० ला ११५. ही खरी बढती. माझा हिशेब सरळ आहे. नव्या कार्डाचा वेग जुन्याच्या दीडपट तरी हवा. चाळीस फ्रेमच्या साठ झाल्या तर गेम बदलल्यासारखा वाटतो. साठच्या बहात्तर झाल्या, तर साध्या मॉनिटरवर डोळ्यांना त्या दिसतही नाहीत. दीडपट होत नसेल तर एक पिढी थांबा.

आता फ्रेमचा आकडाही भरवशाचा राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग यांनी लास वेगासच्या व्यासपीठावरून सांगितलं की ५४९ डॉलरची आरटीएक्स ५०७० ही ४०९० चा वेग देईल. ४०९० ची मूळ किंमत १५९९ डॉलर. हा दावा उभा होता तो एआयने मधे घातलेल्या फ्रेमवर: कार्ड एक फ्रेम खरोखर काढतं आणि मधल्या तीन अंदाजाने भरतं. चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं. पण माउस हलवल्यावर गेमने प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ त्या भरलेल्या फ्रेमनी कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. मुळात सत्तर-ऐंशी फ्रेम मिळत असतील तर ही सोय चांगली आहे. मुळात पंचवीस मिळत असतील तर शंभराचा आकडा दिसेल आणि हाताला पंचवीसचाच जडपणा जाणवेल. व्हिडिओत तक्ते बघताना ही सोय बंद ठेवून घेतलेले आकडे बघा. गेमर्स नेक्सस, हार्डवेअर अनबॉक्स्ड ही यूट्यूबवरची मंडळी ते वेगळे देतात. सोबत ‘१ टक्का लो’ असा रकाना असतो, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग. गेम अडखळतो की नाही हे सरासरीपेक्षा त्या रकान्यात कळतं.

मेमरीबद्दल माझं मत ठाम आहे: नवं कार्ड चारपाच वर्षं वापरायचं असेल तर आठ जीबीवर पैसे घालू नका. २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट वन पीसीवर आला तेव्हाच आठ जीबीची कार्डं १०८०पीलाही धापा टाकत होती. तो गेम नंतर दुरुस्त झाला, पण इशारा मिळाला. आरटीएक्स ५०६० टीआय एप्रिल २०२५ मध्ये आठ जीबीची ३७९ डॉलरला आणि सोळा जीबीची ४२९ डॉलरला आली. एएमडीची आरएक्स ९०६० एक्सटीसुद्धा याच दोन मापांत मिळते. पन्नास डॉलरच्या फरकासाठी कार्डाचं आयुष्य कापून घेऊ नका. आणि दुकानात नुसतं ‘५०६० टीआय द्या’ म्हणू नका. किती जीबीची ते बिलावर लिहून घ्या.

या डॉलरच्या किमतींत अमेरिकेतला कर धरलेला नसतो, आणि आपल्याकडे कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. तेव्हा अमेरिकी किमतीला रुपयाचा दर लावून ‘आपल्याकडे लुटतात’ असं म्हणण्याआधी तो कर मिळवून बघा.

एक गोष्ट दुकानात हमखास सुटते, ती म्हणजे एसएमपीएस, पीसीला वीज पुरवणारा डबा. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं. डबा फिरवून बाजूचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत? १८ असतील तर बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही १२ व्होल्टवरच जगतात, तेव्हा तुमच्या हाताशी आहेत ते हे २१६. ४५० हा आकडा फक्त रंगाचा. आरटीएक्स ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, आणि या कार्डांना सहसा ८ पिनची जोडणी लागते. जुन्या १०६० ला बहुतेक वेळा ६ पिनचीच असायची. जुन्या एसएमपीएसला ८ पिन नसली की दुकानदार मोलेक्सची कन्व्हर्टर केबल काढून देतो. ती घेऊ नका. ८ पिनमधून १५० वॉट जाऊ शकतात. मोलेक्सची बारीक तार तेवढ्यासाठी केलेली नाही. मे महिन्यात जळगाव-अकोल्याकडे खोलीचं तापमानच चाळिशीला जातं, तिथे तापलेली केबल हा चेष्टेचा विषय नाही. चांगल्या एसएमपीएसचे पैसे कार्डाच्या बजेटमध्येच धरा. ते धरल्यावर बजेट फाटत असेल तर बेत पुढे ढकला.

आणखी एक, मदरबोर्ड जुना असेल तर. आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ चं कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार लेनवर चालतं. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर लावलं की त्याचा वेग लक्षणीय पडतो, कारण चार जीबी मेमरी भरली की सगळी ये-जा त्या चार लेनमधूनच होते. स्वस्त म्हणून ते नेमकं जुन्या पीसीवाल्यांच्याच गळ्यात मारलं गेलं. ४०६० आठ लेनवर चालते, तिला जुन्या बोर्डावर फार झळ बसत नाही. आणि उद्या पीसी बदलला तरी कार्ड काढून नव्यात लावता येतं, ही कार्डाच्या बाजूची मोठी गोष्ट. लॅपटॉपवाल्यांना ती सोय नाही. त्यांनी विकत घेतानाच कार्ड किती वॉटवर चालतं ते विचारावं. लॅपटॉपमधली आरटीएक्स ४०६० ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत काहीही असू शकते, आणि खोक्यावर फक्त ४०६० लिहिलेलं असतं.

पोटासाठी पीसी वापरणाऱ्यांचा हिशेब सोपा. ब्लेंडरमध्ये रेंडर करत असाल तर कार्डावर घातलेला रुपया तासांच्या रूपाने परत येतो, बेलाशक घ्या. घरच्या घरी एआय मॉडेल चालवायची असतील तर वेगाच्या आधी मेमरी बघा, मॉडेल तिथे मावलं तरच पुढचं. पण ऑटोकॅडमध्ये टूडी नकाशे काढणाऱ्या सिव्हिलच्या ऑफिसांना महागडी कार्डं विकली जातात तेव्हा वाईट वाटतं. ते काम बहुतांशी प्रोसेसरच्या एका कोअरवर चालतं. तिथे हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा.

सेकंडहँड घ्यायला माझी ना नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या कूटचलनाचं माइनिंग बंद झालं आणि त्यासाठी राबवलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यातली बरीच आजही हातोहात फिरताहेत. माइनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंखे झिजलेले आणि थर्मल पॅड वाळलेले असू शकतात, तेव्हा भाव तसा पाडून मागा. कार्ड फोटोवर घेऊ नका, व्हिडिओ कॉलवरही नको. समोर पीसीत बसवायचं, जीपीयू-झेड उघडून कोअर किती आणि मेमरी किती ते नावाशी पडताळायचं, मग अर्धा तास फरमार्क चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज बघायचा. मूळ बिल मागायचं, कारण काही कंपन्या वॉरंटीसाठी सीरियल नंबर धरतात आणि काही बिलच मागतात. विकणारा म्हणाला की टेस्टिंगला वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक लायनीत आहे, तर पैसे खिशात ठेवून तिथून उठायचं.